आर्ल (दक्षिण फ्रान्स): एका दिवसात उरकावं की मुक्काम करावा?

निळीशाई | ८ मार्च, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मे महिन्यात मी, नवरा आणि सासूबाई असे तिघं फ्रान्सला जातोय. लेक लिऑंला शिकते, पहिले आठ दिवस तिच्याकडे. मग २२ ते २६ मे असे चार दिवस दक्षिणेत, प्रोव्हान्समध्ये. जो तो सांगतो की आव्हिन्योंला राहा आणि तिथून एका दिवसात आर्ल बघून या. माझं मन मात्र आर्लवरच बसलंय. शाळेत चित्रकलेच्या बाईंनी व्हॅन गॉगचं रात्रीच्या कॅफेचं चित्र दाखवलं होतं आणि हे गाव खरोखर आहे असं सांगितलं होतं. ते डोक्यातून गेलेलं नाही.

अडचणी अशा: सासूबाई बहात्तर वर्षांच्या आहेत. रोज चालतात, पण गुडघ्यांमुळे जिने जपून चढतात. आम्ही तिघंही शाकाहारी, सासूबाईंना अंडंसुद्धा चालत नाही. गाडी भाड्यानं घ्यायची नाही. अशात आर्लला चार रात्री काढल्या तर कंटाळा येईल का? जाऊन आलेल्यांनी मोकळेपणानं सांगा.

लिऑंकर | ८ मार्च, रात्री ११.०५

मुक्काम करा. मी नऊ वर्षं लिऑंला आहे, आर्लला पाचदा गेलोय. पहिल्या खेपेला तुम्हाला सांगतात तसाच सकाळी जाऊन संध्याकाळी परतलो होतो. त्या दिवसातलं आता फक्त ऊन आठवतं.

प्रवास सोपा आहे. लिऑंच्या पार-द्यू स्टेशनवरून 'तेर' म्हणजे प्रादेशिक गाडी रोन नदीच्या खोऱ्यातून थेट आर्लला नेते. अडीच-तीन तास लागतात. तिचं भाडं ठरलेलं असतं, उशिरा तिकीट काढलं म्हणून चढत नाही. वेगवान तेजेव्हे आव्हिन्योंला गावाबाहेरच्या वेगळ्या स्टेशनवर थांबते, तिथून गावातल्या स्टेशनवर यायचं आणि पुन्हा गाडी बदलायची. बॅगा आणि सासूबाई दोन्ही सांभाळत ते करू नका.

जुनं गाव या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस मिनिटांत चालून होतं. रस्ते दगडी आहेत, तेव्हा सासूबाईंना जाड तळव्याचे बूट हवेत. घर ला रोकेत भागात बघा, नदीकाठची जुनी नावाड्यांची वस्ती आहे ती. तळमजला मागून घ्या. त्या घरांना लिफ्ट नसते आणि जिने गोल, अरुंद असतात. जेवणाच्या वेळा तेवढ्या पाळा: दुपारी बारा ते दोन. अडीचला पोचलात तर स्वयंपाकघर बंद झालेलं असतं. रात्री सात-साडेसातच्या आधी कुणी वाढत नाही, म्हणून चारच्या भुकेची सोय पिशवीत ठेवा.

पाथरवट | ९ मार्च, सकाळी ७.१५

रोमन बांधकाम बघायला रोमलाच जावं लागतं असं वाटणाऱ्या प्रत्येकाला मी आर्लला न्यायला तयार आहे.

इ.स.पू. ४९ मध्ये सीझरनं मासिलियाला, म्हणजे आजच्या मार्सेयला, वेढा घातला तेव्हा त्याच्यासाठी बारा युद्धनौका आर्लमध्ये बांधल्या गेल्या. झाडं तोडल्या दिवसापासून तिसाव्या दिवशी नौका तयार, असं त्यानंच लिहून ठेवलंय. मार्सेय हरलं आणि आर्लचं भाग्य उजळलं. इ.स.पू. ४६ मध्ये सहाव्या लीजनच्या निवृत्त सैनिकांना इथे जमिनी देऊन वसाहत केली गेली. आज दिसणारं बरंचसं त्याच्या पुढच्या दीडशे वर्षांतलं.

रंगमंडल, म्हणजे ते मोठं लंबवर्तुळाकार आरेन, इ.स. ९० च्या सुमाराचं. लांबी १३६ मीटर, रुंदी १०७, दोन मजले, प्रत्येक मजल्यावर साठ कमानी. वीस हजार माणसं बसायची. पण मला भिडली ती नंतरची गोष्ट. साम्राज्य मोडलं, धाकधुकीचे दिवस आले, तेव्हा गावकरी या वास्तूच्या पोटातच राहायला गेले. कमानी बुजवल्या, वर चार बुरूज चढवले आणि आत दोनशेहून जास्त घरं आणि दोन चॅपल उभी केली. पिढ्यान् पिढ्या लोक तिथे जन्मले आणि मेले. एकोणिसाव्या शतकात ही घरं पाडून वास्तू मोकळी केली गेली. चारातले तीन बुरूज अजून आहेत. एका बुरुजावर चढता येतं, गावाची कौलं आणि रोन नदी एका नजरेत दिसते. सासूबाईंना मात्र खालच्या ओळीतच बसवा, पायऱ्या उंच आहेत.

शेजारच्या नाट्यगृहाचे दगड चर्चं आणि घरं बांधायला लोकांनी नेले. दोन खांब तेवढे उभे राहिले, गावात त्यांना 'दोन विधवा' म्हणतात. इथेच १६५१ मध्ये व्हीनसची मूर्ती सापडली. ती चौदाव्या लुईला भेट गेली, आता पॅरिसला लूव्हरमध्ये आहे.

कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो: प्लास द ला रेप्युब्लिक चौकातल्या नगरपालिकेच्या दारातून आत शिरा आणि वर बघा. १६७६ सालचं दगडी छत आहे, जवळजवळ सपाट, आणि मध्ये एकही खांब नाही. नुसते घडवलेले दगड एकमेकांना अडकवून सगळा भार बाजूच्या भिंतींवर ढकललाय. मी बांधकामातला माणूस, अर्धा तास मान वर करून उभा होतो. समोरच्या सें-त्रोफीम चर्चचं बाराव्या शतकातलं कोरीव प्रवेशद्वारही तसंच निवांत बघा. ११७८ मध्ये सम्राट फ्रेडरिक बार्बारोसानं या चर्चमध्ये राज्याभिषेक करवून घेतला होता.

त्याच चौकाजवळ जमिनीखाली क्रिप्टोपोर्टिको आहेत. रोमनांनी उतारावर चौक बांधताना तो सपाट व्हावा म्हणून खाली घातलेल्या दुहेरी कमानींच्या बोळी. सुंदर आहेत, पण ओल असते, पायऱ्याही आहेत. गुडघे दुखत असतील तर सोडा.

पुरातन वस्तूंचं निळं संग्रहालय मात्र सोडू नका. रोन नदीच्या गाळात २००४ मध्ये एक रोमन मालवाहू नाव सापडली, सपाट तळाची, ३१ मीटर लांब. २०११ मध्ये दहा तुकड्यांत कापून वर काढली आणि पुन्हा जोडली. बुडाली तेव्हा दगड वाहत होती, ते दगडही तिच्यातच ठेवलेत. आत फिरायला सगळं सपाट आहे, सासूबाईंना त्रास नाही. मंगळवारी बंद असतं.

वाटसरू | ९ मार्च, दुपारी १.३०

मला वेगळा अनुभव आला, तो सांगतो. आम्ही एप्रिलमध्ये दोन रात्री राहिलो. दोन्ही दिवस मिस्त्राल वारा सुटला होता. उत्तरेकडून रोनच्या खोऱ्यातून उतरतो तो कधीकधी ताशी ९०-१०० किलोमीटरनं. ऊन लख्ख असतं, पण बाहेर दहा मिनिटं उभं राहवत नाही. संध्याकाळी सातनंतर गल्ल्या ओस पडल्या. आणि मुख्य म्हणजे व्हॅन गॉगच्या ओढीनं गेलेल्या बायकोला तिथे त्याचं स्वतःचं असं कायमचं एकही चित्र नाही हे कळलं, तेव्हा ती रडवेली झाली. आव्हिन्योंला पोपचा राजवाडा आहे, जाग आहे, गाड्यांची सोय आहे, आणि आर्ल तिथून गाडीनं वीस मिनिटांवर. चार रात्री आर्लला हे मला जास्त वाटतं. ज्येष्ठ व्यक्ती बरोबर असताना तर नक्कीच.

कुंचला | ९ मार्च, रात्री १०.२०

वाटसरू, वहिनींची निराशा अगदी समजते. हे आधीच कुणीतरी सांगायला हवं होतं. निळीशाई, तुम्ही तरी समजून जा.

२० फेब्रुवारी १८८८ ला व्हिन्सेंट व्हॅन गॉग आर्लच्या स्टेशनवर उतरला तेव्हा गावात बर्फ होतं. दक्षिणेच्या उन्हासाठी तो आला होता. पुढच्या सुमारे पंधरा महिन्यांत त्यानं इथे जवळपास दोनशे रंगचित्रं आणि शंभरावर रेखाटनं केली. ती सगळी जगभर विखुरली. कॅफेचं चित्र नेदरलँड्समध्ये क्रोलर-म्युलर संग्रहालयात, रोनकाठची चांदण्यांची रात्र पॅरिसला ऑर्से संग्रहालयात. गावात २०१४ पासून त्याच्या नावाचं प्रतिष्ठान उभं आहे, ते बाहेरून चित्र उसनं आणून दाखवतं. कोणतं आलंय ते जाण्याआधी बघा.

मग जायचं कशासाठी? चित्रं जिथे झाली त्या जागांसाठी, आणि त्याच वेळेला. एका दिवसाच्या सहलीत नेमकं हेच हुकतं. चांदण्यांच्या चित्राची जागा स्टेशनजवळ नदीच्या वळणावर आहे. मेमध्ये सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. साडेदहाला बांधावर बसा, गावातल्या दिव्यांचे पाण्यातले लांब पट्टे अजून तसेच पडतात. तो जिथे राहायचा ते पिवळं घर जवळच होतं. जून १९४४ च्या बाँबहल्ल्यात ते गेलं, पण चित्रात मागे दिसणारी उंच इमारत आजही तिथे आहे. त्या रिकाम्या जागेसमोर मी उभी राहिले तेव्हा एखाद्या ओळखीच्या घरी जावं आणि कुलूप दिसावं तसं झालं.

कॅफे प्लास द्यू फोरम चौकात. त्याच्या चित्रातला पिवळा उजेड गॅसच्या दिव्याचा होता, भिंतीला पिवळा रंग नंतर पर्यटकांसाठी लागला. चौकाच्या कोपऱ्यात हॉटेलच्या भिंतीत बसलेले दोन रोमन खांबही बघून घ्या. जेवायला मात्र आतल्या गल्ल्यांत जा.

त्यानं २३ डिसेंबर १८८८ च्या रात्री कान कापला, त्यानंतर त्याला ज्या इस्पितळात ठेवलं ते आज 'एस्पास व्हॅन गॉग' आहे. मधली बाग त्याच्या चित्रावरून आणि पत्रातल्या वर्णनावरून पुन्हा लावलीय. वाचनालय आहे, मुलं अभ्यासाला येतात, अंगणात कुणीही जाऊन बसावं. पुढे मार्चमध्ये तीसेक शेजाऱ्यांनी अर्ज केला की या माणसाला मोकळं सोडू नका. मेमध्ये तो स्वतःहून सें-रेमीच्या मनोरुग्णालयात गेला. त्या अंगणात हे सगळं आठवून बसा, घाई करू नका.

आणि आलिस्कां. रोमन काळापासूनची दफनभूमी, दोन्ही बाजूंना रिकाम्या शवपेट्या आणि वर झाडांची कमान. इटालियन कवी दान्तेनं नरकाच्या वर्णनात तिचा उल्लेख केलाय. १८८८ च्या शरदात त्याचा चित्रकार मित्र गोगँ आणि व्हिन्सेंट शेजारी शेजारी उभे राहून तीच वाट रंगवत होते, दोघांची चित्रं मात्र पार वेगळी आहेत. रस्ता सपाट आणि सावलीचा, सासूबाईंना नक्की आवडेल.

निळीशाई | १० मार्च, सकाळी ८.५०

कुंचलाताई, नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. मुक्काम आर्ललाच, ठरलं. वाटसरू, तुमचंही लक्षात ठेवते, वाऱ्यासाठी टोप्या आणि जाकिटं घेते. आता खाण्याचं सांगा. शिवाय आरेनमध्ये बैलांचे खेळ होतात असं वाचलं. सासूबाई गोठ्यात वाढलेल्या, त्यांना तसलं काही दिसायला नको.

लिऑंकर | १० मार्च, सकाळी ९.३०

बैलांचं महत्त्वाचं आहे, नीट सांगतो. तिथे दोन वेगळे प्रकार आहेत. 'कोरिदा' हा स्पॅनिश पद्धतीचा, त्यात बैल मारतात. तो मुख्यतः ईस्टरच्या आणि सप्टेंबरातल्या भाताच्या जत्रेत असतो. मी त्याला जात नाही. दुसरा 'कूर्स कामार्गेझ'. त्यात बैलाच्या शिंगांना बांधलेले गोंडे आणि दोऱ्या पांढऱ्या कपड्यांतली पोरं हातातल्या आकड्यानं काढून घेतात आणि कठड्यावरून उड्या मारून पळतात. बैल जिवंत घरी जातो, फलकावर माणसांपेक्षा बैलाचं नाव मोठं छापतात, नावाजलेल्या बैलांचे पुतळेसुद्धा उभारलेत. तरी सासूबाईंना नको असेल तर वास्तू सकाळी बघा, तेव्हा खेळ नसतात.

सुगरण | १० मार्च, दुपारी ३.१०

शाकाहाराचं सांगते, कारण पहिल्या वेळेस आम्ही दोन दिवस पावावर काढले. फसवणारा पदार्थ म्हणजे मासा. काळ्या ऑलिव्हची चटणी असते तापनाद, दिसायला निव्वळ शाकाहारी, पण त्यात अँचोव्ही नावाचे बारीक मासे वाटलेले असतात. पिसालादिएर म्हणजे कांदा घातलेली भाजलेली पोळी, तिच्यावरही तेच. म्हणून नुसतं 'व्हेजितारियेन' म्हणून थांबू नका, 'सां व्यांद, सां प्वासों' म्हणा, म्हणजे मांस नको, मासे नकोत. अंड्यासाठी 'सां झ'. सॉसेज आणि 'गार्दियान' नावाचा रस्सा ओळखून ठेवा. गार्दियान बैलाच्या मांसाची असते आणि तिथल्या जवळपास प्रत्येक पाटीवर असते.

शनिवारी सकाळी बुलव्हार दे लिस रस्त्यावर आठवडी बाजार भरतो. तुम्ही २३ ला तिथे असाल तर चार दिवसांचं तिथूनच भरा. बकरीच्या दुधाचं चीज (पण सासूबाई कडक असतील तर विचारून घ्या, बहुतेक चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं लावतात), ऑलिव्ह, मे महिन्यातल्या स्ट्रॉबेऱ्या, लसूण, सुगंधी तुळशीच्या जुड्या. आणि तांदूळ! कामार्गमध्ये भात पिकतो, तिथला लाल तांदूळ घ्याच. स्वयंपाकघर असलेलं घर भाड्यानं घेतलंत तर सगळे प्रश्न मिटले.

भिगवणकर | १० मार्च, रात्री ९.००

कामार्गचं नाव निघालं म्हणून आलो. रोन नदी आर्लजवळ दोन फाटे होऊन समुद्राला मिळते, त्या दोन फाट्यांमधली दलदल म्हणजे कामार्ग. उजनीच्या फुगवट्यावर आपल्याकडे येणारा मोठा रोहित (फ्लेमिंगो), तोच पक्षी तिथे हजारोंनी राहतो आणि घरटीही करतो. आम्ही भिगवणला होडीतून लांबून बघतो. तिथे पाँ-द-गोच्या पक्षी उद्यानात पायवाटेपासून काही हातांवर उभे असतात. गळ्यातून येणारा तो भसाडा कलकलाट इतक्या जवळून ऐकला आणि अंगावर काटा आला. आर्लहून सेंत-मारीची बस उद्यानाजवळ थांबते. वाट सपाट आहे. पांढरे घोडेही दिसतील, त्यांची शिंगरं जन्मतात गडद रंगाची आणि मोठी होताना पांढरी पडतात. संध्याकाळ व्हायच्या आत निघा, डास फार.

शब्दवेडा | ११ मार्च, सकाळी ६.४५

निळीशाई, तुमच्या तारखा पुन्हा वाचल्या आणि राहवलं नाही. २४ मे! त्या दिवशी सेंत-मारी-द-ला-मेर या समुद्रकाठच्या गावात युरोपभरच्या रोमा लोकांची यात्रा असते. चर्चच्या तळघरात सारा नावाच्या त्यांच्या संतिणीची काळी मूर्ती आहे. रोमा तिला 'सारा-ला-काली' म्हणतात. २४ ला तिला खांद्यावर घेऊन, पांढऱ्या घोड्यांवरच्या गुराख्यांच्या साथीनं, समुद्रात नेतात. पाण्याला टेकवून परत आणतात.

या लोकांची भाषा आपल्या भाषांच्याच कुळातली. हजारेक वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज भारतातून निघाले. पाण्याला ते 'पानी' म्हणतात, नाकाला 'नाख', कानाला 'कान'. माणसाला 'मनुश'. फ्रान्समधल्या त्यांच्या एका जमातीचं नावच 'मानूश'. आपल्या 'माणूस'चं सख्खं भावंड. मूर्तीचं नाव आणि काली देवी यांचा थेट संबंध आहे असं मी म्हणणार नाही, रोमानीत 'काली' म्हणजे काळी. पण तो शब्दही आपलाच आहे. जा. गर्दी असेल, पहिली बस पकडा.

निळीशाई | ९ जून, रात्री ८.१५

आलो मंडळी. उशिरा लिहितेय, पण तुम्हा सगळ्यांना सांगायचंच होतं.

चार रात्री पुरल्या नाहीत. वाटसरू, मिस्त्राल आम्हालाही एक दिवस भेटला. तो दिवस आम्ही निळ्या संग्रहालयात काढला. नावेत एक मातीचा दिवा आणि स्वयंपाकाची भांडी सापडलीत, ती बघून सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे हे लोक नावेतच रांधत होते." पाथरवट, छत पाहिलं. नवरा तुमच्यासारखाच मान दुखेपर्यंत उभा.

पहिल्या रात्री साडेदहाला आम्ही तिघं रोनच्या बांधावर गेलो. दिव्यांचे पट्टे दिसले, चांदण्या थोड्याच. मला बाई आठवल्या. त्यांचं गेल्या वर्षी निधन झालं, त्यांना पत्र लिहायचं राहून गेलं.

२४ ला साडेसातच्या बसनं सेंत-मारीला गेलो. बस खचाखच, एका तरुणानं सासूबाईंना उठून जागा दिली. तळघराच्या आठ-दहा पायऱ्या त्या माझा हात धरून उतरल्या. आत शेकडो मेणबत्त्यांचा धूर आणि उष्मा, आणि सारेच्या अंगावर झग्यावर झगे, ओटी भरावी तसे लोकांनी चढवलेले. सासूबाईंनी हात जोडले. शेजारी त्यांच्याच वयाची एक रोमा बाई उभी होती. सासूबाईंनी तहान लागल्याची खूण करून "पाणी" म्हटलं, मला उद्देशून. ती बाई चमकून वळली, "पानी?" म्हणाली, आणि आपल्या पिशवीतली बाटली पुढे केली. मग दोघी बाहेर ओट्यावर बसून नाक, कान, केस एकेक दाखवत राहिल्या. मिरवणूक निघाली तेव्हा तिनंच आम्हाला वाळूत पुढे नेऊन उभं केलं. घोडे छातीएवढ्या पाण्यात शिरले. आमच्या चपला भिजल्या, कुणालाच त्याचं काही वाटलं नाही.

शब्दवेडा, तुमची पोस्ट नसती तर आम्ही त्या दिवशी आव्हिन्योंला गेलो असतो.

सुगरण | ९ जून, रात्री ९.०५

वाचून डोळे भरून आले. सासूबाईंना नमस्कार सांगा. लाल तांदूळ आणला का?

निळीशाई | ९ जून, रात्री ९.२०

दोन किलो. काल केला. रात्रभर भिजवला आणि पाऊण तास शिजवला, मग कुठे मऊ झाला. आमटीबरोबर छान लागतो. सासूबाई म्हणतात खिचडीला नको, दाणा सुटा राहतो.